उणे पाच व्होल्टचा रथ

वीज खात्यातल्या माणसाला विजेतलं सगळं कळतं, अशी आमच्या कॉलनीची ठाम समजूत आहे. मी खात्यात आस्थापना शाखेचा कारकून. खांबावर चढणाऱ्यांच्या रजा, बढत्या आणि पेन्शनी मी बघतो, खांब बघत नाही. घरातला बल्ब गेला तर माझी बायको सुभद्राबाई स्टुलावर चढते आणि मी स्टूल धरतो. तरी शेजारपाजारच्या कुठल्याही मिक्सरला हुडहुडी भरली की बोलावणं मला. मीही जातो. मिक्सर उलटा करून बघतो, जरा वेळ 'हं' म्हणतो, 'हे बिदरलाच दाखवा' असा सल्ला देतो आणि चहा पिऊन येतो. एवढ्या भांडवलावर मी सुखाने निवृत्त झालो असतो. पण मध्येच मला लेसर दिसला.

झालं असं, की मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही हैदराबादला गेलो होतो. सुभद्राबाई बांगड्यांच्या दुकानात शिरली आणि मी समोरच्या प्रदर्शनातल्या एका अंधाऱ्या मंडपात. तिथे एका डब्यातून लाल उजेडाचा दोरा निघाला. कंदिलाचा उजेड सांडतो, टॉर्चचा पसरतो. हा सांडतही नव्हता आणि पसरतही नव्हता. सरळ पडद्यापर्यंत गेला, तिथे त्याने एक कमळ काढलं, कमळाचा मोर केला आणि मोराचं पुन्हा कमळ केलं. सुभद्राबाईने मला शोधून काढलं तेव्हा मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते आणि मी कोऱ्या पडद्याकडे बघत उभा होतो.

परतीच्या बसने जहिराबाद सोडलं तेव्हा ऊन उतरत होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. मी खिडकीतून हात काढून त्या कणसांवर बोटाने लाल रेघा ओढत होतो.

"काय करायलाव?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मंग ते बोट आत घ्या. समोरून लॉरी यायलीय."

त्या दिवसापासून मी कामातून गेलो. ऑफिसात दुपारी पंखा बंद पडला की छतावरून एक लाल रेघ सावकाश उतरायची, फायलींच्या गठ्ठ्यावरून चालायची, हेडक्लार्कच्या टकलावर थोडी टेकायची आणि खिडकीतून बाहेर पडायची. मीही तिच्या मागे मागे निघायचो आणि शेतं, ओढे, औरादचा बाजार असं बरंच फिरून चार वाजता खुर्चीत परत यायचो. त्या महिन्यात पेन्शनीच्या कागदांत ज्या चुका निघाल्या त्या सगळ्या या फिरण्यातल्या.

आमच्या शेजारी चनमल्लप्पा राहतात. भुसार मालाची अडत, कपाळाला विभूती, दारात जीप आणि घरात मराठी-कानडी दोन्ही एकाच वाक्यात. सिद्धव्वा ही त्यांची आई. कमरेचं हाड मोडल्यापासून म्हातारी खिडकीजवळच्या खाटेवर पडून असते. त्या खिडकीतून जगातली एकच वस्तू दिसते, ती म्हणजे कॉलनीची पाण्याची टाकी. चार पायांवर उभी, गोल आणि पांढरीशुभ्र. टाकी बांधून झाली, रंगवून झाली, तिच्यासमोर भाषणंही झाली. फक्त पाणी यायचं राहिलं आहे. ऑफिसातून आल्यावर मी त्या खिडकीशी थोडा वेळ टेकतो. माझ्या घरी सगळी बोलणारी माणसं, त्यामुळे मलाही कुणीतरी ऐकणारं लागतं.

तर मी सिद्धव्वाला लेसरची गोष्ट सांगितली. तिने डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, झोपली.

"त्या उजेडानं तेर काढता येतोय का रे, गुंडू?" ती डोळे न उघडताच म्हणाली.

तेर म्हणजे गावच्या देवाचा रथ. जत्रेत तो निघतो, जुन्या गावातून फिरतो आणि देवळाकडे परततो. नव्या कॉलनीकडे तो येत नाही. आमचा रस्ता अजून देवाच्या खात्यावर चढलेला नाही.

"खाटंवर पडल्यापास्नं तेर बगितला न्हाई," म्हातारी म्हणाली. "चन्या म्हणतो, खाटंसकट उचलून नेतो. मी काय मेल्याली हाव का, चौघांच्या खांद्यावर जायाला? हितनं दिसला तर बगायचाय. पुढच्या जत्रंला मी असंन, नसंन."

"येतो की," मी म्हणालो.

हे दोन शब्द गिळले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण म्हातारीने डोळे उघडले आणि टाकीकडे अशी बघायला लागली, की जणू रथ आता वळणावर येऊन ठेपलाच आहे. मग शब्द मागे घ्यायचं मला धैर्य झालं नाही.

माझं नशीब असं, की लेसर म्हातारीच्या नात्यातच निघाला. तिच्या लेकीचा मुलगा सोमशेखर गुलबर्ग्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता आणि त्याने असंच एक यंत्र बांधलं होतं. आजीची इच्छा कळल्यावर त्याने आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून रथ काढला. आजीने खाटेवरून दुरुस्त्या सांगितल्या. कळस बारीक झाला, झेंडा उलट्या बाजूला गेला, चाकं ही कसली, बैलगाडीची काय. तीनदा खोडून चौथा रथ पास झाला आणि जत्रेच्या अलीकडे सोमशेखर खोकी घेऊन बसमधून उतरला. टाकी समोर यावी म्हणून मांडामांड माझ्या गच्चीवर झाली.

"मामा, नीट ऐका," तो म्हणाला. "ह्या डब्यात दोन बारके आरसे हाईत, नखाएवढे. एक आरसा उजेडाला डावी-उजवीकडं नेतोय, दुसरा वर-खाली. आरशानं किती वळायचं ते व्होल्टेजनं सांगायचं. शून्य दिलं की आरसा सरळ, ठिपका मधोमध. अधिक पाच दिलं की पार उजवीकडं. उणे पाच दिलं की पार डावीकडं. वर-खालचं बी तसंच."

"उणे पाच," मी म्हणालो.

"व्हय. म्हणून दोन बॅटऱ्या लागतात. एक अधिकची, एक उणेची."

"आमच्या खात्याची वीज नाही चालत?"

"लेसरला चालतीय, त्याला नुसतं जळायचंय. सिग्नलला न्हाई चालत. तुमची वीज कवा दोनशेवीस, कवा दीडशे. रथाला हिवताप आल्यावाणी दिसंल."

खात्याचा हा अपमान मी पोटात घातला. डब्याला तीन खुंट्या होत्या. तांबडी अधिकची, काळी उणेची आणि दोघींच्या मधली हिरवी शून्याची. तो सांगत होता आणि माझी मान डोलत होती. समोरचा माणूस सांगायला लागला की ती आपोआप डोलते, नोकरीतली सवय आहे. सोमशेखरला परीक्षेच्या देखरेखीवर हजर व्हायचं होतं. "तुम्ही तर करंटातले हाव. तुम्हाला काय सांगायचं," असं म्हणून तो पहाटेच्या बसने गेला आणि कॉलेजच्या लेसरसह मी गच्चीवर उरलो.

आता माझी बाजू ऐकून घ्या. आमच्या खात्यात उणे नावाची गोष्टच नाही. मीटरचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा कमी आला तर ती वाचणाऱ्याची चूक धरतात आणि वापराच्या रकान्यात शून्य लिहितात. नोकरीला लागल्यावर मला शिकवलेली ही पहिली गोष्ट आणि तीच तेवढी मनात ठसलेली. वीज एक तर असते, नाही तर नसते. नसण्याच्याही खाली आणखी काही असतं, असं माझ्या सेवाकाळात कुठल्याही परिपत्रकात आलेलं नव्हतं. शिवाय दुसरी बॅटरी चनमल्लप्पांच्या जीपची काढावी लागणार होती आणि ऐन जत्रेत जीप बंद ठेवा म्हणायला तोंड पाहिजे.

पहिली बॅटरी समोरच्या अंकुशरावांकडून मिळाली. अंकुशराव बँकेत कॅशिअर आणि चौदा एप्रिलच्या जयंतीचे चिटणीस. जयंतीच्या लाउडस्पीकरची बॅटरी त्यांच्या खाटेखाली असते.

"मी रथ मानत न्हाई, गुंडेराव," ते बॅटरी पुसत म्हणाले. "पण सिद्धव्वाला मानतो. माझ्या लेकीच्या बाळंतपणात सोयरीधायरी यायच्या आदी म्हातारी येऊन बसली हुती. घेऊन जावा. फक्त जयंतीच्या आदी परत पायजे."

एक बॅटरी हाती आली आणि मी विचारपूर्वक निर्णय घेतला. उणे म्हणजे शून्यच. काळी आणि हिरवी खुंटी एका तारेने जोडून टाकली आणि प्रकरण निकाली काढलं.

राहिला अंधार. टाकीवर चित्र उमटायचं तर अंधार हवा आणि टाकीशेजारी खांबावर आमच्याच खात्याचा दिवा. तो कधी लागलेला कुणी पाहिला नव्हता, पण जत्रेत सगळंच लागतं. मी आमच्या शाखाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन गेलो, की जत्रेच्या संध्याकाळी तो दिवा बंद ठेवावा.

"दिवा आत्ता चालू आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग बंद कशाला ठेवायचा? बंद ठेवण्याचा आदेश चालू दिव्यालाच काढता येतो. आधी दुरुस्तीचा अर्ज द्या."

ज्या खात्याने आम्हाला वर्षानुवर्षं न मागता अंधार पुरवला, त्याच्याकडे तो रीतसर मागितल्यावर ही अवस्था. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. दुसऱ्याच दिवशी लाइनमन आला, दिवा दुरुस्त झाला आणि संध्याकाळी टाकीखाली लख्ख उजेड पडला. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन आमच्या दारात आल्या. "गुंडेरावांमुळं दिवा आला," म्हणाल्या. त्यांच्यासमोर मी तो बंद करायला सांगणार कसा? शेवटी असं ठरलं, की जत्रेच्या संध्याकाळपुरतं लाइनमनने चनमल्लप्पांच्या अडतीतलं ज्वारीचं रिकामं पोतं त्या दिव्याला घालायचं. हा उपाय सुभद्राबाईचा. खात्याच्या कुठल्याही नियमात पोत्याचा उल्लेख नसल्यामुळे त्यावर कुणाला हरकत घेता आली नाही.

टाकी पाणी खात्याची, म्हणून तिकडेही गेलो.

"टाकीवर उजेड टाकणार म्हणता," तिथले साहेब म्हणाले. "त्यानं आतलं पाणी तापणार का?"

"आत पाणीच नाही, साहेब."

"हे लेखी देऊ नका," ते म्हणाले आणि सही केली.

जत्रेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर रंगीत तालीम झाली. पोतं चढलं. चनमल्लप्पा, अंकुशराव आणि निम्मी कॉलनी गच्चीवर. सुभद्राबाई सिद्धव्वाच्या खाटेशी. मी यंत्राचं बटण दाबताना मनात म्हटलं, बाबा रे, कमळाचा मोर नको, मोराचं कमळ नको, साधा एक रथ दे.

टाकीवर लाल उजेड उमटला. बघतो तर काय, रथाचा उजवा वरचा तुकडा. अर्धा कळस, अर्धी झालर आणि झेंड्याचं टोक. डावीकडे एक जाड उभी रेघ, खाली एक जाड आडवी रेघ आणि बाकी टाकी कोरी. सुरीने बर्फीची वडी कापून बशीत ठेवावी तसा रथ.

 सगळेच एकदम बोलायला लागले.

"टाकी पुरली न्हाई वाटतं," चनमल्लप्पा म्हणाले. "यंत्र मागं घ्या."

यंत्र मागे घेतलं. तुकडा मोठा झाला, पण तुकडाच राहिला. कुणी म्हणालं, यंत्राला जरा डावीकडे वळवा. वळवलं. तुकडा जसाच्या तसा डावीकडे गेला. अंकुशरावांनी खालून विटा लावायला सांगितल्या, मागच्या ओळीतून कुणी विटा काढायला सांगितलं, आणि एकाचं मत पडलं की लेसर लाल आहे म्हणून असं होतं, हिरवा आणायचा. मी सगळ्यांचं ऐकत होतो, कारण माझ्याजवळ स्वतःचं असं काही मत नव्हतं. तेवढ्यात सुभद्राबाई खालून वर आली. गर्दीत बोलायचं नाही म्हणून तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं.

"अव्वा विचारायल्यात, तेराची चाकं कुटं हाईत म्हणून."

चाकं खालच्या अर्ध्यात होती आणि खालचा अर्धा त्या आडव्या रेघेत चिरडून पडला होता. माझ्या हातून पुष्कळ कामं बिघडली आहेत, पण कुणी खाटेवरून चाकांची चौकशी केली नव्हती. मला फार वाईट वाटलं. बटण बंद केलं तेव्हा टाकी इतकी काळी दिसली, की पोतं काढून तो दिवा पुन्हा लावावा असं वाटलं.

सकाळी पोस्टात जाऊन गुलबर्ग्याला ट्रंककॉल लावला. रांगेतल्या सगळ्यांना माझ्या रथाची हकीकत आधीच माहीत होती, कारण ते रात्री गच्चीवर नाही तर गच्चीखाली होते.

"काळी आणि हिरवी जोडली?" सोमशेखर तिकडून म्हणाला. "कामून जोडलाव मामा?"

"उणे म्हणजे शून्यच ना," मी ओरडलो. पोस्टात ओरडल्याशिवाय गुलबर्ग्यापर्यंत आवाज पोचत नाही.

"न्हाई मामा. शून्य म्हंजे तळ न्हाई. शून्य म्हंजे मधोमध. शून्याच्या खाली निम्मं जग हाय. रथाचा डावा भाग आन चाकं सगळी उणेत ऱ्हातात. तुम्ही उणे बंद केलाव, म्हणजे त्यास्नी जागाच ठिवली न्हाई."

मग त्याने जोडणी सांगितली. एका बॅटरीचं अधिक आणि दुसरीचं उणे एकत्र बांधायचं आणि तो सांधा हिरव्या खुंटीला. उरलेली दोन टोकं तांबडीला आणि काळीला.

"शून्य मधोमध," मी फोन ठेवताना मोठ्याने म्हणालो. रांगेतल्या लोकांनी माना हलवल्या.

घरी परतताना मी रस्त्यातल्या मोरीवर बसलो. शेतांवर ऊन पसरलं होतं आणि लांबून जत्रेचे ताशे ऐकू येत होते. हद्दीपलीकडे उदगीरला सासुरवाडीत मला कानडी जावई म्हणतात. बंगलोरच्या साहेबांना माझं कानडी ऐकून वाटतं, हा महाराष्ट्रातून बदलून आलेला दिसतो. इतकी वर्षं मी समजत होतो की आपण इकडेही उणे आणि तिकडेही उणे. आता उन्हात डोळे मिटले तर एक लाल ठिपका दिसला, पांढऱ्या टाकीच्या बरोबर मध्ये, अगदी स्वस्थ. त्याला डावीकडे जाता येत होतं, उजवीकडे जाता येत होतं, आणि तो कुठे जात नव्हता. मला तो फार आवडला. किती वेळ बसलो कोण जाणे, चनमल्लप्पांची जीप समोर येऊन थांबली तेव्हा जागा झालो.

मी जीपवाल्यालाच बॅटरी मागितली.

"न्या की," चनमल्लप्पा म्हणाले. "अव्वासाटी हाय, जीप काय, बैलं बी सोडतो."

"बॅटरी कशी आहे, अण्णा?"

"बॅटरी? घोडा हाय घोडा."

हा घोडा रोज सकाळी आम्ही चौघे शेजारी ढकलून चालू करतो. पण दारात उभं राहून शेजाऱ्याच्या बॅटरीला नावं कोण ठेवणार? मी घोडा मान्य केला.

संध्याकाळी गच्चीवर दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. अंकुशराव आपल्या बॅटरीपाशी बसले, चनमल्लप्पा आपल्या. मी दोघींना एका तारेने जोडलं.

"म्हंजे माझं उणे आन अण्णांचं अधिक एकत्र आलं की शून्य," अंकुशराव म्हणाले. "आन सगळं चित्र त्या शून्यावर उभं."

"असं सोमशेखर म्हणतो," मी म्हणालो. काळी खुंटी, म्हणजे उण्याची सगळी बाजू, जीपच्या बॅटरीकडे आली होती.

जुन्या गावातला खरा रथ देवळात परतला आणि जत्रेतली माणसं आमच्याकडे वळली. ही गर्दी मला अपेक्षित नव्हती. टाकीपुढचं मैदान भरलं, पलीकडची भिंत भरली. लाइनमनने पोतं चढवलं. सिद्धव्वाची खिडकी सताड उघडी होती. मी देवाचं नाव घेतलं, अंकुशरावांनी घेतलं नाही, आणि बटण दाबलं.

टाकीवर रथ उभा राहिला. आख्खा. कळस, झेंडा, झालरी, खांब आणि खाली दोन मोठी चाकं, आऱ्यांसकट. लाल रेघ इतकी बारीक आणि इतकी जिवंत, की रथ श्वास घेतोय असं वाटत होतं. मैदानावर एवढी माणसं, पण एक पोर रडत होतं तेवढाच आवाज. मी हैदराबादचा मंडप विसरलो, कमळ विसरलो, मोर विसरलो. आपल्या हातून जगात एक गोष्ट धड झाली, असं वाटून माझे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांमुळेच रथ हलल्यासारखा दिसतोय असं मला वाटलं.

डोळे पुसले. रथ खरंच हलत होता.

आधी जरासा, मग चांगला दिसेल इतका. उजवीकडे, आणि उजवीकडे जाता जाता थोडा वर. मी बॅटऱ्यांकडे धावलो. चनमल्लप्पांचा घोडा बसला होता. उण्याची बाजू दमत चालली होती आणि तिने डावीकडून धरून ठेवलेला रथ हातातून सुटत होता. मी तार दाबून धरली, बॅटरीला चापट मारली, एकदा तर हात जोडले. रथ कुणाचं ऐकत नव्हता. तो आपला गोल टाकीवरून सावकाश चढ चढत होता.

तेवढ्यात सिद्धव्वाच्या खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. वाळका, हिरव्या बांगड्यांचा. त्या हाताने जोर करून काहीतरी फेकलं. ते टाकीपर्यंत पोचलं नाही, आमच्याच अंगणात पडलं. खारीक होती. आमच्याकडे रथावर खारका आणि केळी उधळतात, पण उभ्या रथावर नाही, हललेल्या रथावर. म्हातारीची खारीक बघितली आणि मैदानाला आठवण झाली. मग जत्रेतून आणलेल्या पिशव्या उघडल्या. खारका उडाल्या, केळी उडाली, ताशावाल्याने ताशा धरला आणि सरकारी टाकीवर चहूकडून फळफळावळीचा मारा सुरू झाला. रथ त्यातून शांतपणे पुढे गेला. त्याचा झेंडा टाकीच्या कडेवरून निघून गेला, मग पुढचं चाक, मग कळस, मग मागचं चाक. टाकीच्या पलीकडे त्याला उमटायला काही नव्हतं. तिकडे अंधारातली शेतं आणि त्यापुढे आंध्र. माझा रथ परराज्यात गेला.

लोक पांगताना बोलत होते ते मी गच्चीवरून ऐकलं. रथ चांगला होता, पण गुंडेरावांच्या हातात टिकला नाही, असं एकूण मत पडलं. एकाने तर विचारलं की ह्यांच्या खात्याची वीज अशीच पळून जाते का. रात्री मी जेवलो नाही. सकाळी पाणी खात्याचा शिपाई टाकीवरची केळी कोण काढणार, हे विचारायला आला. आणि त्याच सकाळी शेजारची जीप, आम्ही चौघांनी ढकलूनही, चालू झाली नाही.

हा पुरावा मिळाल्यावर मात्र माझा अभिमान जागा झाला. तडक चनमल्लप्पांकडे जायचं आणि चारचौघांत सांगायचं, की माझी जोडणी बरोबर होती, शून्य मधोमध होतं, दोष तुमच्या बॅटरीचा. वाक्यं मी तोंडात घोळवत गेलो. चनमल्लप्पा ओसरीवरच होते, कपाळाला आठ्या. त्यांच्याही तोंडात काहीतरी तयार होतं, बहुतेक बॅटरीचंच.

"गुंडू आला काय? आत ये," खाटेवरून हाक आली.

मी खिडकीशी न टेकता प्रथमच आत खाटेजवळ गेलो. चनमल्लप्पा मागे आले. सिद्धव्वा उशीला टेकून बसली होती. कालच्या जोर करण्याने हात दुखत असावा, दुसऱ्या हाताने तो चोळत होती.

"तेर लई चांगला हुता," ती म्हणाली. "पर एक इचारायचं ऱ्हायलंय. दोरी कोण वडायलं हुतं? मला माणसं दिसली न्हाईत."

"दोरी नव्हती, अव्वा," मी म्हणालो आणि चनमल्लप्पांकडे वळून तयार केलेलं सगळं सांगायला लागलो. अधिकची बाजू अंकुशरावांच्या बॅटरीवर होती, ती ठणठणीत होती. उण्याची बाजू तुमच्या जीपवर होती. तुमच्या जीपचा जोर संपला म्हणून रथ जागचा हलला. नाही तर तो रात्रभर जाग्यावर उभा राहिला असता. लेखी हवं तर लेखी देतो.

चनमल्लप्पांचा चेहरा पडला. म्हातारी मात्र माझ्याकडे बघतच राहिली.

"पुन्ना सांग," ती म्हणाली. "कुणाच्या बॅटरीनं हालला?"

"तुमच्या."

"ह्या घरच्या?"

"ह्या घरच्या."

तिने चोळणं थांबवलं. "चन्या, ऐकलास का? जल्मभर उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन बगितला तेर. बाईमाणसाच्या हातात कोण दोरी देतंय? आन आता खाटंवर पडल्यावर माझ्या घरानं वडला." तिने मान माझ्याकडे वळवली. "व्हय ना रे, गुंडू?"

माझ्या तोंडात अजून दोन वाक्यं शिल्लक होती, एक सदोष बॅटरीबद्दल आणि एक माझ्या प्रतिष्ठेबद्दल. मी चनमल्लप्पांकडे पाहिलं. ते खिडकीतून टाकीकडे बघत होते आणि उपरण्याने नाक पुसत होते.

"व्हय अव्वा," मी म्हणालो. "तुमच्याच घरानं वडला."

म्हातारीने मान मागे टेकली आणि डोळे मिटले. वीज खात्यात नोकरीला लागल्यापासून शेजाऱ्यांना विजेबद्दल मी जे जे सांगितलं, त्यात खरं निघालेलं हे पहिलंच.